विश्लेषण : खाशाबा जाधवांच्या पदकाचा खर्च कोणी केला?

वारणानगर : डिसेंबर उजाडला की वारणाकाठच्या गावांना हलगीचे वेध लागतात. सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ इथे दरवर्षी कुस्ती मैदान होते आणि त्याआधी पंचक्रोशीतल्या चौकाचौकांत फलक झळकतात. हे फलक नीट वाचण्यासारखे असतात. मल्लांची छायाचित्रे असतात, तालमींची नावे असतात आणि मोठ्या कुस्त्यांपुढे ती कुस्ती कोणी पुरस्कृत केली त्याचेही नाव असते. कधी कारखाना, कधी दूध संघ, कधी बँक, तर कधी एखादा पुढारी. लढणार कोण, याइतकेच पैसे घालणार कोण, हेही कुस्तीशौकिनाला कळलेले बरे असते. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. पण हा पैशाचा प्रश्न समोर ठेवून ती पुन्हा वाचली, तर त्यात एक संस्थान, एक गाव, एका प्राचार्यांचे राहते घर आणि पोलीस खाते असे एकामागून एक आश्रयदाते दिसू लागतात.

सुरुवात कुठे झाली?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालीम असल्यावर वेगळा वस्ताद शोधायला जावे लागत नाही. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना मातीत उतरवले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. ‘चले जाव’ चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचवणे अशी कामेही त्यांनी विद्यार्थी असतानाच केली.

त्यांची अंगकाठी पाहून हा पैलवान आहे, असे कोणी म्हणाले नसते. उंची जेमतेम साडेपाच फूट, वजन हलके. मातीच्या मैदानात प्रेक्षकांचे लक्ष नेहमी मोठ्या गटाच्या कुस्तीकडे असते. हलक्या वजनाच्या पोराच्या कुस्त्या दुपारी लवकर उरकतात, तेव्हा मैदान निम्मे रिकामेच असते. खाशाबा उठून दिसले ते वेगामुळे आणि डोक्यामुळे. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला कमरेवरून फेकण्याचा ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते आले तेव्हा क्रीडाशिक्षकांनी ही अंगकाठी पाहून त्यांना कुस्तीसाठी नाव द्यायला नकार दिला, असे सांगितले जाते. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. त्यांनी परवानगी दिली आणि पुढच्या कुस्त्या या पोराने एकामागून एक मारल्या. प्राचार्यांच्या दारात जाऊन हट्टाने उभे राहण्याची ही पहिली वेळ. शेवटची नव्हे.

लंडनला कोणी पाठवले?

कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय होता. राजर्षी शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, उत्तरेतल्या नामवंत मल्लांना दरबारी ठेवून घेतले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान पुरे केले. कुठेही बसले तरी हौदा दिसावा, अशी त्याची रचना आहे. राजाश्रयाचा व्यवहारातला अर्थ अगदी साधा होता. पैलवानाचे दूध, तूप, बदाम आणि मटण यांचा खर्च सरकारी खजिन्यातून होई आणि त्याला दिवसभर मेहनतीखेरीज दुसरे काम नसे. खाशाबा कोल्हापुरात आले तोवर शाहू महाराज जाऊन पाव शतक होत आले होते, पण दरबाराची ही सवय टिकून होती.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. खाशाबा तेव्हा २२ वर्षांचे होते.

आजवर ज्या खेळात ते वाढले, तो खेळ लंडनमध्ये वेगळाच निघाला. आपल्या मातीत पाठ लागली की कुस्ती सुटते, नाहीतर चालू राहते. अनवाणी पायांना तांबड्या मातीत पकड मिळते आणि घामावर माती चोळली की हातही निसटत नाही. तिथे गादी होती, पायांत बूट होते, घड्याळ होते आणि कडेला बसून कौल देणारे पंच होते. पाठ न लावताही कुस्ती जिंकता येत होती आणि हरताही येत होती. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी भारतीय मल्लांना या नियमांची तोंडओळख करून दिली. तेवढ्यावर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसींपुढे मात्र ते अडले. ५२ किलोच्या फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. गादीवर फारसा सराव नसलेल्या मल्लासाठी ही कामगिरी मोठीच होती, आणि पुढच्या वेळी पदक आवाक्यात आहे हे त्यांना तिथे उमगले.

मग हेलसिंकीच्या वेळी अडचण का आली?

कारण मधल्या काळात राजाच उरला नव्हता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. खाशाबांच्या कहाणीत ही तारीख सहसा कोणी सांगत नाही, पण पुढचे सगळे तिच्यामुळे समजते. दरबाराचा खजिना गेला आणि त्याची जागा घेणारी सरकारी व्यवस्था अजून जन्मालाच आली नव्हती. अखिल भारतीय क्रीडा परिषद १९५४ ची, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ ची. १९५२ चे ऑलिम्पिक बरोबर या पोकळीत आले.

आधी निवडीचाच घोळ झाला. राष्ट्रीय निवडीत कोलकात्याच्या निरंजन दास यांच्याविरुद्ध निकाल वादग्रस्त ठरला. पक्षपात झाला, असे खाशाबांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादविंद्रसिंग तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती खाशाबांनी चटकन निकाली केली. निवड झाली, पण जाण्या-येण्याचे पैसे ज्याचे त्याने उभे करायचे होते.

इथून गोष्ट गोळेश्वरात येते. गावाने वर्गणी काढली. कराडच्या व्यापाऱ्यांनी हातभार लावला. मुंबई राज्य सरकारकडेही मदत मागितली होती. ती वेळेत मिळाली नाही. पैसे कमीच पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले आणि ७ हजार रुपये उभे केले. त्या काळचे ७ हजार म्हणजे काय, हे आजच्या हिशेबात सांगण्यापेक्षा एवढेच लक्षात घ्यावे की त्या रकमेला एका प्राचार्याचे राहते घर तारण लागत होते. बोट बुडाली असती, पाय मुरगळला असता, पहिल्याच कुस्तीत पाठ लागली असती तरी कर्ज फिटायचे राहिलेच असते.

याच संघात श्रीरंग जाधव आणि फेदरवेट गटात केशव माणगावे हेही होते. माणगावे हेलसिंकीत चौथे आले. पदक थोडक्यात हुकलेल्या या मल्लाचे नाव कुस्तीच्या जिल्ह्यातही आज फारसे घेतले जात नाही.

हेलसिंकीत नेमके काय झाले?

खाशाबा या वेळी एक गट वर, ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले होते. तेव्हाची पद्धत आजच्यासारखी सरळ बाद फेरीची नव्हती. हरणाऱ्याला दंडगुण मिळत, गुणांवर जिंकणाऱ्यालाही एक दंडगुण मिळे. चितपट करणाऱ्याची पाटी तेवढी कोरी राहायची. दंडगुण ठरावीक संख्येला पोहोचले की मल्ल बाद. त्यामुळे नुसते जिंकून भागत नसे, कुस्ती निकाली करण्याला मोल होते. मातीतल्या मल्लाला हे मानवणारे होते.

कॅनडाचे आद्रियाँ पोलिकाँ, मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर मात करून खाशाबा शेवटच्या तिघांत आले. उरलेले दोघे होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामदबेयोव्ह. या दोघांशीही त्यांची कुस्ती झाली आणि दोन्हींत ते हरले. सुवर्ण इशींना, रौप्य मामदबेयोव्ह यांना, कांस्य खाशाबांना. तारीख २३ जुलै १९५२.

या दोन कुस्त्यांच्या मध्ये त्यांना पुरेशी विश्रांती मिळाली नाही, हा मुद्दा पुढे अनेकदा चर्चेत आला. थकलेल्या अंगाने त्यांना पुन्हा गादीवर उतरावे लागले. नियमावर बोट ठेवून पंचांशी बोलायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. खाशाबा ताजेतवाने असते तर रंग बदलला असता का, याचा कौल कोणी देऊ शकत नाही. पण वस्तादाविना मल्ल हौद्यात एकटा उभा राहण्यातले नुकसान कुठल्याही तालमीतल्या पोराला विचारावे.

समोरचा जपानी मल्ल कोण होता?

हे पाहणे उद्बोधक आहे, कारण दोघांचे वय सारखेच. इशीही १९२६ चेच. ते मूळचे ज्यूदोचे खेळाडू. महायुद्धात जपान हरला, दोस्तांच्या ताब्यात गेला आणि युद्धकलांवर बंधने आली, तेव्हा ज्यूदोची बरीच मुले कुस्तीकडे वळली. १९४८ च्या ऑलिम्पिकला जपानला बोलावणेही नव्हते. म्हणजे लंडनचा अनुभव खाशाबांकडे होता, जपानी मल्लांकडे नव्हता. देश बेचिराख झालेला, पैसा त्यांच्याकडेही नव्हता.

फरक होता तो संघटनेत. ज्यूदोतूनच आलेल्या इचिरो हात्ता यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जपानची हौशी कुस्ती संघटना बांधायला घेतली होती. विद्यापीठांमधून मल्ल घडत होते, गादीवरच शिकत होते. हेलसिंकीत युशू कितानो यांनी फ्लायवेटमध्ये रौप्य मिळवले आणि इशींनी सुवर्ण. युद्धानंतरचे जपानचे ते पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. त्यानंतर जपान कुस्तीत कधी मागे हटला नाही. भारताला मात्र कुस्तीतले पुढचे ऑलिम्पिक पदक २००८ मध्ये बीजिंगला सुशील कुमारने मिळवून दिले, म्हणजे ५६ वर्षांनी.

परतल्यावर कर्ज कसे फिटले?

हेलसिंकीत हॉकी संघाने सलग पाचवे सुवर्ण जिंकले होते. साहजिकच देशाचे लक्ष तिकडे होते. खाशाबांचा सोहळा झाला तो कराडला. स्टेशनवरून त्यांना न्यायला शंभरावर बैलगाड्या आल्या. एरवी पंधरा मिनिटांत संपणाऱ्या गोळेश्वरच्या वाटेला त्या मिरवणुकीला सात तास लागले, असे जुनी माणसे सांगत.

मिरवणूक संपली आणि गहाणवट उरली. ऑलिम्पिक पदकविजेता यावर काय करतो? तो कुस्त्यांचे मैदान लावतो. खाशाबांनी कोल्हापुरात मैदान भरवले, स्वतःही त्यात लढले आणि तिकिटांच्या उत्पन्नातून खर्डेकरांचे पैसे परत केले. घर सुटले. आपल्याकडे या प्रसंगाचे कौतुक गुरुभक्ती म्हणून होते आणि ते योग्यच आहे. पण हेही खरे की देशाला मिळालेल्या पदकाचे बिल पदक जिंकणाऱ्यानेच अंग मोडून चुकते केले.

कुस्तीत पैसा नव्हता असेही नाही. पुढच्या वर्षांत मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्री स्टाईल लढतींना तुफान गर्दी लोटत होती. जपानमध्ये १९५३ मध्ये रिकिडोझानने व्यावसायिक कुस्तीची कंपनी काढली आणि टीव्हीमुळे तो घराघरांत पोहोचला. दारासिंग आणि किंगकाँग दोघेही तिकडे जाऊन त्याच्याशी खेळून आले. तो खेळ अवाढव्य देहांचा आणि ठरवून रंगवलेल्या लढतींचा होता. ५७ किलोच्या खाशाबांना तिथे कोणी उभे केले नसते आणि त्यांचा पिंडही तो नव्हता. त्यांनी नोकरी धरली.

पोलीस खात्यातली २७ वर्षे कशी गेली?

१९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. पदक मिळाल्यावर तीन वर्षांनी. खात्यांतर्गत स्पर्धा त्यांनी गाजवल्या, पुढे शिकवण्याचे कामही केले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी गुडघ्याच्या दुखापतीने फसली आणि मोठ्या स्पर्धांची कारकीर्द तिथेच थांबली. तिशीत.

पुढची वर्षे भराभर सांगता येतात, कारण बातमी होण्यासारखे त्यांत काही घडू दिले गेले नाही. खात्यात बढत्या रखडत आल्या. ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तीवेतनासाठी त्यांना खेटे घालावे लागले. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. खाशाबा हयात असेपर्यंत त्यांचे नाव कोणाला सुचले नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना स्थान मिळाले, तो हयातीतला अखेरचा मोठा मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. वय ५८.

सन्मान मिळाले ते केव्हा?

बहुतेक सगळे मरणोत्तर. याला एक निमित्तही आहे. १९९६ मध्ये अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य जिंकले. तेव्हा याआधीचे वैयक्तिक पदक कोणाचे, हे शोधताना वृत्तपत्रांना ४४ वर्षे मागे जावे लागले आणि खाशाबांचे नाव देशाला नव्याने कळले. (१९०० च्या पॅरिस स्पर्धेत नॉर्मन प्रिचर्ड यांनी भारताच्या नावावर दोन रौप्यपदके मिळवली होती, पण तो ब्रिटिशांचा काळ.) त्यानंतर अर्जुन पुरस्कार आला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतल्या कुस्ती सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. राज्य सरकारने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. पद्म पुरस्काराची मागणीही वर्षानुवर्षे होते आहे.

नाव देणे सोपे असते. गोळेश्वरात कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा २००९ मध्ये झाली. ते होत नाही म्हणून २०१७ मध्ये कुटुंबीयांनी थेट पदकाचा लिलाव करून पैसे उभारण्याचा इशारा दिला. प्राचार्यांच्या घरानंतर आता ते पदकच गहाणाच्या जागी आले होते.

आज चित्र किती बदलले?

बरेच. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात राजांची जागा सहकाराने घेतली. साखर कारखाने मल्लांना महिना मानधन देतात, आणि ‘मानधनधारक मल्ल’ ही बिरुदावली फलकावर अभिमानाने छापली जाते. वारणेसारख्या मैदानात परदेशी मल्ल येतात, इनामे लाखांत असतात. मॅट गावोगावी पोहोचली आहे. तरी हा आश्रय अजूनही बराचसा मातीतल्या, वजनदार जोडीकडे झुकलेला आहे. लोक त्या कुस्तीला येतात, म्हणून पैसा त्या कुस्तीला लागतो. ५७ किलोच्या पोराची कुस्ती अजून दुपारीच उरकते.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकले. त्याला घडवण्यात राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीचा वाटा होता आणि रेल्वेत नोकरी होती. पदक मिळताच राज्य सरकारने १ कोटी रुपये जाहीर केले, रेल्वेने बढती दिली. कोल्हापुरात मिरवणूक निघाली तेव्हा खाशाबांच्या बैलगाड्यांची आठवण अनेकांनी काढली.

त्या बैलगाड्या जिथे पोहोचल्या, त्या गोळेश्वरच्या घराचे नाव ‘ऑलिम्पिक निवास’ आहे.